घरीच ऑइल बदलताय? व्हॉल्व्ह, चुंबकाचा नट आणि खर्चाचा हिशेब

स्कूटरचं किंवा गाडीचं इंजिन ऑइल घरी बदलणारे आता बरेच आहेत. ऑनलाइन दुकानात एकदा ऑइल शोधलं की पाठोपाठ दोन वस्तू दिसू लागतात. पहिली वस्तू म्हणजे ड्रेन व्हॉल्व्ह. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरच्या ड्रेन नटाच्या जागी तो एकदा बसवला की पुढच्या वेळी पाना लागत नाही. लिव्हर फिरवली की ऑइल खाली येतं. दुसरी वस्तू चुंबकाचा ड्रेन नट. त्याच्या टोकाला चुंबक असतो आणि ऑइलमधला लोखंडी कीस तो धरून ठेवतो. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, पण प्रत्येक गाडीला लागतीलच असं नाही.

थोडक्यात सांगायचं तर व्हॉल्व्ह ही सोय आहे आणि चुंबक ही खबर आहे. इंजिनाचं आयुष्य ठरतं ते योग्य ग्रेडच्या ऑइलवर, वेळेवर बदलण्यावर आणि नट नीट आवळण्यावर. म्हणून पैसे आधी तिकडे घालावेत.

मूळ खर्च किती?

खालचे भाव शहरातल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतले आणि ऑनलाइन मिळणारे, साधारण अंदाजाचे आहेत. गाव, ब्रँड आणि सवलतीनुसार ते कमीजास्त होतील.

स्कूटर किंवा 100 ते 125 सीसीची मोटरसायकल:
- ऑइल, 700 मिली ते 1 लिटर: 300 ते 450 रुपये
- ड्रेन नटचा नवा वायसर: 10 ते 20 रुपये
- बाहेर करून घेतल्यास मजुरी: 50 ते 150 रुपये

छोटी पेट्रोल कार:
- ऑइल, साडेतीन लिटरचा कॅन: सेमी सिंथेटिक 1,300 ते 1,900 रुपये, फुल सिंथेटिक 1,800 ते 3,000 रुपये
- ऑइल फिल्टर: 100 ते 250 रुपये
- वायसर: 20 ते 40 रुपये
- नेहमीच्या गॅरेजमध्ये फक्त ऑइल आणि फिल्टर बदलण्याची मजुरी: 200 ते 500 रुपये

म्हणजे घरी काम केल्यावर वाचते ती फक्त मजुरी. स्कूटरमागे शंभरेक रुपये, कारमागे तीनचारशे. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या बिलाशी तुलना केली तर फरक खूप मोठा दिसतो, पण त्या बिलात ब्रेक, बॅटरी, एअर फिल्टर यांची तपासणीही धरलेली असते. ती तपासणी घरी होणार नसेल, तर ती बचत खरी नाही.

घरी ऑइल बदलण्याचा खरा फायदा म्हणजे कोणतं ऑइल गेलं, किती गेलं आणि फिल्टर खरोखर बदलला का, हे डोळ्यांसमोर राहतं. त्यासाठी थोडे कष्ट घ्यायला हरकत नाही.

हत्यारांचा खर्च

दुचाकीला गोटी पान्याचा लहान सेट, ऑइल धरायचं घमेलं, नरसाळं आणि हातमोजे पुरतात. 500 ते 900 रुपयांत भागतं. कारला जास्त लागतं: जॅक स्टँडची जोडी 1,200 ते 2,500, फिल्टर पाना 200 ते 400, पसरट ट्रे 250 ते 500 आणि टॉर्क पाना 1,500 ते 3,000 रुपये. सगळं मिळून सव्वातीन ते साडेसहा हजार. वर्षातून एकदा एकाच कारचं ऑइल बदलणाऱ्याला हे पैसे वसूल व्हायला दहाएक वर्षं तरी लागतील. घरात दोन कार आणि दोन दुचाक्या असतील, तर हिशेब तीनचार वर्षांत जुळतो.

जॅक स्टँडचे पैसे मात्र वाचवू नका. डिकीतला जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक लावणंही तितकंच धोक्याचं, कारण ते न सांगता तडकतात.

ड्रेन व्हॉल्व्ह: काय मिळतं, काय जातं

या प्रकारात जपानच्या फुमोतो कंपनीचा व्हॉल्व्ह जगभर ओळखला जातो. आत बॉल व्हॉल्व्ह असतो. लिव्हर खाचेत अडकलेली असते, त्यामुळे ती थोडी सरकवून मगच फिरवावी लागते. गाडीच्या हादऱ्याने ती आपोआप उघडू नये म्हणून ही सोय आहे. जर्मनीच्या स्टालबस कंपनीची रचना वेगळी आहे. तिच्या बुटक्या नटावर टोपण असतं. ते काढून नळी जोडली की आतली झडप उघडते. हा नट खाली कमी लोंबतो.

परदेशी व्हॉल्व्ह कुरिअर आणि सीमाशुल्क धरून साधारण 3,500 ते 6,000 रुपयांना पडतो. 500 ते 1,200 रुपयांत बिननावाच्या नकलाही मिळतात, पण त्या घेऊ नयेत असं मी स्पष्ट सांगेन. हा व्हॉल्व्ह गळला तर सगळं इंजिन ऑइल रस्त्यावर जातं आणि ऑइलचा दिवा लागून ते लक्षात येईपर्यंत बेअरिंगांचं नुकसान झालेलं असतं.

व्हॉल्व्ह घेतल्यावर वाचतं काय? दर वेळी वीसतीस रुपयांचा वायसर आणि पाचदहा मिनिटं. एवढ्यावर चार हजार रुपये कधीच वसूल होत नाहीत. मोलाचा फायदा आट्यांचा आहे. चेंबर किंवा इंजिनाची खालची बाजू पुष्कळदा ॲल्युमिनियमची असते आणि नट पोलादी. पुन्हा पुन्हा खोलून, जोर लावून आवळल्याने ॲल्युमिनियमचे आटे जातात. मग नवे आटे पाडून घ्या, नाहीतर चेंबरच बदला; दोन्ही खर्चिक. व्हॉल्व्ह एकदा बसला की त्या आट्यांना पुन्हा हात लागत नाही.

आता तोट्यांकडे पाहू.

पहिला तोटा आपल्या रस्त्यांचा. व्हॉल्व्ह नटापेक्षा खाली येतो. ज्या गाडीचं पोट सोसायटीच्या स्पीडब्रेकरला घासतं, पावसाळ्यात ज्या गाडीला खड्डे आणि सुटी खडी चुकवता येत नाही, तिथे हा धोका पत्करू नये. घेण्याआधी गाडी सपाट जागी उभी करून खाली वाकून पाहा: नट चेंबरच्या सर्वांत खालच्या पातळीच्या वर आहे का, आणि तो खाली तोंड करून आहे की आडवा? आडवा आणि वर असेल तरच व्हॉल्व्हचा विचार करावा. मोटरसायकलच्या पोटाखालच्या नटाला बाहेर येणारी लिव्हर लावूच नये.

दुसरा तोटा आत उरणाऱ्या ऑइलचा. व्हॉल्व्हचं भोक अरुंद असल्यामुळे ऑइल सावकाश उतरतं. आतल्या आट्यांचा भाग तळापासून थोडा वर राहिला, तर तेवढं जुनं ऑइल खाली साचून राहतं.

तिसरा तोटा कारवाल्यांच्या लक्षात उशिरा येतो. पुष्कळ गाड्यांत ऑइल फिल्टर खालूनच काढावा लागतो. काहींना खाली प्लास्टिकचं आवरण असतं, तेही उघडावं लागतं. म्हणजे व्हॉल्व्ह लावूनही गाडीखाली जाणं चुकत नाही.

मग हा व्हॉल्व्ह कोणासाठी? वर्षाला तीस-चाळीस हजार किलोमीटर चालणारा टेम्पो किंवा टॅक्सी, जनरेटर, ट्रॅक्टर. त्यांच्यात ऑइल जास्त लिटर असतं, बदल वारंवार होतो, आणि ट्रॅक्टरच्या पोटाखाली जागाही भरपूर असते. अशा ठिकाणी चांगल्या प्रतीचा व्हॉल्व्ह घेण्यात अर्थ आहे.

चुंबकाचा नट: स्वस्त आणि बोलका

याची किंमत 150 ते 600 रुपये. काही गाड्यांना कंपनीतूनच चुंबकाचा नट येतो, त्यामुळे आधी आपला नट काढून पाहा.

मोटरसायकलला याचा उपयोग जास्त. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलमध्ये चालतात, त्यामुळे गिअरच्या दातांचा कीस त्याच ऑइलमध्ये फिरतो. त्यात लहान इंजिनांच्या काही मॉडेलांना कागदी फिल्टर नसतोच, फक्त जाळी असते. तिथे चुंबक जे पकडेल ते फायद्याचंच.

ऑइल बदलताना नट काढला की चुंबकावर राखाडी-काळपट लेप दिसेल. तो बोटांच्या चिमटीत चोळून पाहा. लोण्यासारखा मऊ लागला, खरखर जाणवली नाही, तर ती नेहमीची झीज आहे. नव्या गाडीच्या पहिल्या बदलाला हा लेप जाड असतो, त्याने घाबरायचं कारण नाही. मात्र नखाच्या तुकड्याएवढा चकाकता पापुद्रा, सुईसारखी कपची किंवा दाताचा तुकडा सापडला, तर तो कागदात गुंडाळून फोटोसह मेकॅनिकला दाखवा. दर वेळी एक फोटो काढून ठेवण्याची सवय लावा. दोन बदलांमधला फरक एका फोटोपेक्षा जास्त सांगतो.

चुंबकाच्या मर्यादाही ओळखाव्यात. तो फक्त लोखंड आणि पोलाद धरतो. पिस्टनचं ॲल्युमिनियम, बेअरिंगच्या थरातलं तांबं, कथील किंवा शिसं त्याला चिकटत नाही. म्हणून चुंबक स्वच्छ निघाला याचा अर्थ इंजिन निरोगी आहे असा होत नाही. त्याने फिल्टरचं कामही भागत नाही.

विकत घेताना दोन गोष्टी विचारा. पहिली, चुंबक किती तापमान सोसतो. साधे निओडिमियम चुंबक 80 अंश सेल्सियसच्या पुढे जोर गमावू लागतात, आणि चालत्या इंजिनातलं ऑइल सहज 90 ते 110 अंशांवर जातं. जास्त तापमानाचा ग्रेड आहे असं वेष्टनावर लिहिलेलं नसेल, तर घेऊ नका. दुसरी, चुंबक नुसता डिंकाने चिकटवलेला आहे की खाचेत दाबून बसवलेला. चिकटवलेला चुंबक सुटून चेंबरमध्ये पडू शकतो.

व्हॉल्व्ह आणि चुंबक दोन्ही लावावेत असं वाटत असेल, तर ध्यानात घ्या की भोक एकच आहे. त्यामुळे बहुतेकांना निवड करावीच लागते. शहरातल्या सामान्य वापराला माझी शिफारस चुंबकाच्या नटाची.

आटे, वायसर आणि जोर

व्हॉल्व्ह असो वा चुंबकाचा नट, माप चुकलं की इंजिनाचं नुकसान ठरलेलं. मापात दोन आकडे असतात: जाडी आणि आट्यांमधलं अंतर. मारुती सुझुकी, ह्युंदाई आणि होंडाच्या पुष्कळ कारना एम 14 बाय 1.5 लागतो, टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांना एम 12 बाय 1.25, तर होंडाच्या दुचाक्यांत एम 12 बाय 1.5 आढळतो. 1.25 चा नट 1.5 च्या भोकात एकदोन फेरे बिनतक्रार जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावलात की आटे गेलेच. म्हणून नवा नट आधी नुसत्या हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. फिरला नाही तर परत करा.

वायसर दर वेळी नवा घ्या. तो दाबला जाऊन फट बुजवतो आणि एकदा चपटा झाला की पुन्हा तसा बसत नाही. दहावीस रुपये वाचवून पार्किंगमध्ये ऑइलचे डाग पाडण्यात शहाणपण नाही.

जोर किती लावायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. दुचाक्यांना साधारण 20 ते 30 न्यूटन-मीटर, छोट्या कारना 30 ते 40. अंदाज यावा म्हणून सांगतो: 25 सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला 10 किलो वजन टांगलं की सुमारे 25 न्यूटन-मीटर होतात. पान्यावर पाय देणारे किंवा नळी लावून आवळणारे याच्या कितीतरी पट जोर लावतात. टॉर्क पाना महाग वाटला तर दोनचार शेजाऱ्यांत मिळून घ्या.

ऑइल घेताना

ग्रेड पुस्तिकेतूनच पाहा. क्लच ऑइलमध्ये बुडलेल्या मोटरसायकलींना जासो मानकाचं एमए किंवा एमए2 ऑइल लागतं, गिअर नसलेल्या स्कूटरना साधारण एमबी चालतं. कारचं ऑइल मोटरसायकलला घातलं तर क्लच घसरण्याची भीती असते. पक्कं बिल घ्या, सील तपासा. रिकामा कॅन भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा. बनावट ऑइल भरणारे असेच धड कॅन गोळा करतात. काढलेलं ऑइल दुधी, पांढुरकं दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. पुराच्या किंवा तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर किलोमीटर न मोजता ऑइल बदला.

वॉरंटी सुरू असेपर्यंत मोफत सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करून घ्या आणि व्हॉल्व्हसारखा बाहेरचा भाग लावण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. ऑइल न बदलता बिल लावल्यासारखी तक्रार असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

जुन्या ऑइलचं काय करायचं?

वापरलेलं ऑइल 2016 च्या घातक कचरा नियमांत येतं, आणि 1 एप्रिल 2024 पासून ते गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी ऑइल उत्पादकांवर आली आहे. ते गटारात, झाडाच्या बुंध्याशी किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला म्हणून बांधकामावर देणं सर्रास चालतं, पण तेही योग्य नाही; ते शेवटी मातीतच मुरतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, त्यात पाणी किंवा पेट्रोल न मिसळता, अधिकृत सर्व्हिस सेंटरला किंवा जिथून ते नोंदणीकृत संकलकाकडे जातं अशा गॅरेजला द्या. देणार कुठे, हे ऑइल काढण्याआधी ठरवा. काम करताना हातमोजे घाला, कारण वापरलेलं ऑइल वारंवार त्वचेला लागणं अपायकारक आहे.

पैसे कुठे घालावेत?

1,000 रुपयांपर्यंत जमत असेल: योग्य ग्रेडचं ऑइल, नवा वायसर, हातमोजे आणि दुचाकीला चुंबकाचा नट.
5,000 रुपयांपर्यंत: कारसाठी जॅक स्टँड आणि टॉर्क पाना. व्हॉल्व्ह अजून नको.
त्यापुढे, आणि गाडी खूप चालत असून नट आडवा व उंच असेल तरच: नावाजलेल्या कंपनीचा, अचूक मापाचा व्हॉल्व्ह. तो बसवल्यावर पहिले काही दिवस रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा ठेवून थेंब पडतो का ते पाहा आणि डिपस्टिकवर पातळी तपासा.