बाळाचं टेंगूळ चेपू नका

आमची लेक व्हॅक्यूम लावून जन्मली. कळा लांबल्या, तिचे ठोके मंदावू लागले, तेव्हा डॉक्टरांनी डोक्याला वाटी लावून तिला बाहेर घेतलं. डोकं मागे निमुळतं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी उजव्या कानाच्या वर लिंबाएवढं मऊ टेंगूळही आलं. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी त्याकडेच बघायचा.

बालरोगतज्ज्ञांनी शांतपणे समजावलं. जन्मताना कवटीची हाडं जुळलेली नसतात. बाळ खाली सरकताना ती एकमेकांवर चढतात, म्हणूनच डोकं बाहेर पडू शकतं. असं लांबट झालेलं डोकं आठवड्याभरात बहुतेक आपसूक गोलावतं. कातडीखालची साधी सूजही दोन-चार दिवसांत ओसरते. टेंगळाची गोष्ट वेगळी. हाड आणि त्यावरचं पातळ आवरण यांच्यामध्ये रक्त साकळतं, ते एकाच हाडापुरतं राहतं आणि जिरायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही लागतात. ते सुईने काढत नाहीत, कारण त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. ‘याला हात लावायचा नाही,’ एवढंच त्यांनी बजावलं.

घरी तेल लावायला मावशी आल्या. त्यांचा हात अनुभवी, माया खरी. त्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे. पण ‘कोवळं आहे तोवरच डोकं वळतं’ म्हणत त्यांनी दोन्ही अंगठे टेंगळावर रोवले. लेकीने टाहो फोडला. मी तिला उचलून घेतलं. आई म्हणाली, ‘अगं, तुमचीही डोकी त्यांनीच गोल केली.’ खरं तर ती आमची आम्हीच गोल झाली असणार, पण त्या क्षणी वाद घालण्याचं त्राण माझ्यात नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिचे डोळे पिवळे वाटले. दूध ओढता ओढता ती सारखी पेंगत होती. रात्रीच दवाखाना गाठला आणि तिला निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. चेपल्यामुळे कावीळ झाली, असं मी म्हणत नाही. साकळलेलं रक्त विरघळताना कावीळ वाढू शकते, म्हणून टेंगूळ असलेल्या बाळाच्या रंगावर जास्त लक्ष हवं. दिवसाच्या उजेडात छातीची कातडी बोटाने हलके दाबून सोडा, पिवळेपणा कळतो. पाय पिवळे झाले, बाळ दूध घेईना, उठवूनही उठेना, तर कोवळ्या उन्हावर विसंबू नका, लगेच निघा.

व्हॅक्यूमनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत सूज कानामागे, मानेपर्यंत पसरत गेली आणि बाळ पांढुरकं पडलं, तर एक क्षणही थांबू नका. शांत बाळाला उभं धरल्यावरही टाळू फुगलेली दिसली, झटके आले, तरीही तसंच.

बाकी तेल खुशाल लावा, पण टेंगूळ सोडून डोक्यावर तळहात नुसता फिरू दे. टाळू तेलाने भरावी लागत नाही. ती बहुधा वर्ष ते दीड वर्षात आपणच भरते. नाक ओढणं, नाका-कानात तेल सोडणं नकोच. डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी आमच्याकडेही शिवून तयार होती, मी ती वापरली नाही. बाळाला सपाट गादीवर, उशीविना, पाठीवरच झोपवावं. तोंड उशीत गेलं तर श्वास कोंडतो. एका बाजूने डोकं चपटं होऊ नये म्हणून झोपवताना कधी डावीकडे, कधी उजवीकडे तोंड वळवा आणि जागेपणी आपल्यासमोर थोडा वेळ पालथं ठेवा. बाळ मान एकाच बाजूला वळवत असेल किंवा डोकं दिवसेंदिवस वाकडंच होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक करा. घरी सोडताना डॉक्टरांकडून कार्डावर ठळक मराठीत लिहून घ्या: ‘डोक्याला मालीश नको.’ ओल्या बाळंतिणीचं कोणी ऐकत नाही, पण डॉक्टरांचं अक्षर दाखवलं की मावशीही हात आवरतात.