बिनसाखरेचा लाडू : एक हिशेब



हा पाठ वाचताना जवळ कागद-पेन्सिल ठेवा. पाठात एक लाडू आहे, एक आजी आहे आणि थोडे गुणाकार-भागाकार आहेत. ज्या माणसाचे गणित चुकले तो मीच, म्हणून पाठ लिहिण्याचे कामही माझ्याकडेच आले.

माझी आई दर हिवाळ्यात सोलापूरहून मस्कतला येते. तिला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. थंडी पडली की ती पिठीसाखर घालून डिंकाचे लाडू करते. वळते ती, खातो आम्ही. मागच्या डिसेंबरात आमची धाकटी म्हणाली, "बाबा, आजी सगळ्यांना लाडू देते आणि स्वतः नुसता हाताचा वास घेते. तिला चालेल असा लाडू नाही का करता येणार?"

मी संगणकाचा माणूस. प्रश्न आला की त्याला उत्तर असणारच, अशी आमची समजूत असते. मी ठरवले की साखर काढून टाकायची आणि तिच्या जागी खारकेची पूड घालायची. डिंकाच्या लाडवात चवीपुरती खारीक असतेच, तीच वाढवायची. खारीक निसर्गाने दिलेली, रक्तातली साखर हळू चढवणारी, आणि आपण राहतो तेच मुळी खजुराच्या देशात!

आता खारकेविषयी थोडेसे, कारण तिचा आणि ओमानचा संबंध जुना आहे. खारीक म्हणजे आपोआप वाळलेला खजूर नव्हे, तर उकडून वाळवलेला खजूर. ओमानच्या उत्तर शर्कियात, बिदियाच्या बाजूला 'मबसली' नावाच्या जातीची झाडे आहेत. तिची फळे पिवळी आणि कडक असतानाच घड उतरवतात. मग मोठ्या तांब्याच्या कढयांत ती पंधरा-वीस मिनिटे उकळतात आणि काही दिवस उन्हात पसरून ठेवतात. या कामाला तिथे 'तबसील' म्हणतात. हा उन्हाळ्यातला घरोघरचा सोहळाच असतो, लहान मुलेसुद्धा फळे वेचायला असतात. उकडल्यामुळे फळ पुढे मऊ होत नाही आणि वर्षभर टिकते. हा माल पूर्वीपासून मुख्यतः हिंदुस्थानात जातो. तेव्हा आजीच्या सोलापूरच्या डब्यातली खारीक कदाचित इथूनच गेलेली असेल आणि लाडू होऊन पुन्हा इथे आली असेल.

(वर्गातल्या मुलांसाठी : खारीक, खारका, खारकेची. तारीख, तारखा, तारखेची. दोन्ही शब्द एकाच पद्धतीने चालतात. गंमत म्हणजे इंग्रजीत खजुराला आणि तारखेला शब्दही एकच आहे. अरबीत खजूर म्हणजे 'तमर', आणि आपल्या चिंचेला अरब लोक 'तमर हिंदी' म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हणतात.)

असो. आता 'हळू चढवणारी' म्हणजे काय ते पाहू. १९८१ साली टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लायसेमिक इंडेक्स ही कल्पना मांडली. आपण त्याला 'चढ-अंक' म्हणू. ज्यात ५० ग्रॅम कर्बोदके आहेत एवढा पदार्थ माणसाला खायला द्यायचा आणि पुढचे दोन तास त्याच्या रक्तातली साखर मोजत राहायचे. तेवढ्याच ग्लुकोजने जेवढा चढ होतो तो १०० धरला, तर या पदार्थाचा किती, हा तो अंक. ५५ किंवा त्याहून कमी असेल तर कमी समजतात. आपल्या नेहमीच्या साखरेचा साधारण ६५ येतो.

खजुराचा किती? बुरैमीच्या सीमेपलीकडे अल ऐनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली पाच जातींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आपल्याला बाजारात दिसणारे खलास आणि फर्द हेही होते. १३ निरोगी माणसे आणि मधुमेह असलेली १० माणसे त्यात होती. निरोगी माणसांत अंक ४६ ते ५५ आला, मधुमेहींतही तो ५५ च्या आतच राहिला. एवढ्या गोड फळाचा अंक इतका कमी कसा? एक तर खजुरात तंतू असतात. दुसरे, त्यातली जवळजवळ निम्मी साखर फ्रुक्टोज असते. फ्रुक्टोज आधी यकृतात जाते, त्यामुळे रक्तातल्या ग्लुकोजच्या मोजणीत ते फारसे दिसत नाही. दिसत नाही म्हणजे पोटात गेलेच नाही, असा मात्र अर्थ नाही. पालकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. मी त्या वेळी वाचले नव्हते.

मी 'चढ-अंक कमी' एवढेच वाचले आणि मिक्सर काढला. खारीक साखरेएवढी गोड लागत नाही, म्हणून जिथे १५ ग्रॅम साखर पडत होती तिथे २५ ग्रॅम पूड गेली. लाडू सुरेख झाले. मी आईला म्हटले, "आई, हे बिनसाखरेचे आहेत. तू खुशाल खा." ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने एक खाल्ला. बारा वर्षांत पहिल्यांदाच घरचा लाडू खाल्ला असेल. दुपारभरात गप्पा मारता मारता तिने चार खाल्ले आणि आम्ही सगळे कौतुकाने पाहत बसलो.

संध्याकाळी तिला ग्लानी आल्यासारखे वाटू लागले, घसा कोरडा पडला. यंत्रावर आकडा आला तो तिच्या नेहमीच्या आकड्याच्या दुपटीजवळ. रात्री डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासले, धीर दिला, आणि मला एकच प्रश्न विचारला, "लाडू किती ग्रॅमचा होता?" मला सांगता आले नाही. कार्यालयात एक अल्पविराम चुकला तर मी रात्र जागून शोधतो, आणि इथे साधे वजनही केले नव्हते.

आई घरी आल्यावर म्हणाली, "अरे, गोड लागलं तेव्हाच मला कळलं होतं. तू नाही म्हणालास ना, म्हणून खाल्ले."

दुसऱ्या दिवशी हिशेब मांडला. चढ-अंक फक्त वेग सांगतो. किती खाल्ले ते तो सांगत नाही. त्यासाठी दुसरी संख्या आहे, तिला 'भार' म्हणू. सूत्र सोपे आहे : कर्बोदके ग्रॅममध्ये, गुणिले चढ-अंक, भागिले १००. एका वेळच्या खाण्याचा भार १० पर्यंत असला तर कमी आणि २० किंवा त्याच्या पुढे गेला तर जास्त समजतात.

जुन्या लाडवात साखर १५ ग्रॅम. १५ × ६५ ÷ १०० = ९.७५.

नव्या लाडवात पूड २५ ग्रॅम. वाळलेल्या खजुरात तंतू सोडून १०० ग्रॅममागे सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके धरू, म्हणजे २५ ग्रॅमला १७.५. चढ-अंक ५० धरू. (हा अंक खजुराचा, मी तोच खारकेला लावला आहे. पूड जितकी बारीक तितकी ती लवकर पचते, हेही लक्षात ठेवा.) १७.५ × ५० ÷ १०० = ८.७५.

पावणेदहा आणि पावणेनऊ! एवढा खटाटोप करून एका लाडवामागे फरक पडला तो फक्त एकाचा. कर्बोदके तर उलट वाढलीच. चार लाडवांचा भार ३५ आणि कर्बोदके ७० ग्रॅम, म्हणजे साखरेचे सतरा-अठरा छोटे चमचे पोटात जावेत तेवढी. आई साखरेचा लाडू चाखलाच तर अर्धा चाखून थांबली असती. तिला चार खायला लावले ते माझ्या 'बिनसाखरेचे' या शब्दाने.

इतर पर्यायांविषयी थोडक्यात. गूळ म्हणजे रंगीत साखरच, त्याने आजींना काही सवलत मिळत नाही. खजुराचा पाक, ज्याला इथे दिब्स म्हणतात, त्यात रस येतो आणि तंतू मागे राहतात. म्हणून अख्खा खजूर बरा. स्टीव्हिया नावाच्या पानाचा अर्क साखरेच्या दोनशे-तीनशे पट गोड असतो आणि रक्तातली साखर चढवत नाही. तो चहात चालतो, पण लाडवातून १५ ग्रॅम साखर काढून चिमूटभर अर्क घातला तर लाडू वळणार कशाचा? मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पर्याय वापरू नयेत. ही सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती, पण आपल्या मुलांना ती लागू आहे.

आता आमच्याकडे काय चालते ते सांगतो. डॉक्टरांना विचारून आईने लाडू पुन्हा सुरू केला आहे, पण २० ग्रॅमचा. त्यात खारीक ८ ग्रॅम. बाकी खोबरे, डिंक, बदाम आणि थोडी मेथी. वजनकाट्यावर तो धाकटी तोलते. दिवसाला एक, आणि त्या जेवणात पोळी अर्धी कमी. आई म्हणते, थोडा कडू लागतो, पण आपला लागतो. शेजारच्या ओमानी आजींकडे गेली की ती बिनसाखरेचा काहवा पिते आणि तोंडात अर्धा खजूर धरते. इथली पद्धतच तशी, काहव्यात साखर नसते, गोडी खजुराची. त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. खजूर अर्धा कसा करायचा, हे मात्र हातानेच ठरले आहे.

गृहपाठ
आमच्या नव्या लाडवात ८ ग्रॅम खारीक आहे. त्याचा भार काढा (वरचेच अंक वापरा). घरातल्या एका गोड पदार्थाचे वजन करा आणि त्यात साखर किती पडली ते आईला किंवा बाबांना विचारून लिहा. 'खारीक' आणि 'तारीख' यांसारखे चालणारे आणखी दोन शब्द शोधा. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आले असतील त्यांनी 'आजीचा डबा' या विषयावर दहा ओळी लिहून पुढच्या शुक्रवारी वर्गात आणाव्यात.