जुना लॅपटॉप, बंद वायफाय आणि पाटाचं पाणी



मागच्या बैठकीत एक ठराव पाच मिनिटांत मंजूर व्हायच्या बेतात होता. संघासाठी नवा लॅपटॉप घ्यायचा, अंदाजे खर्च तीस हजार. कारण एवढंच की कार्यालयातल्या जुन्या लॅपटॉपला वायफाय लागत नव्हतं. दुरुस्तीच्या एका दुकानात तो दाखवला होता. "वायफायचं कार्ड गेलंय, आता नवाच घ्या," असं सांगून त्यांनी परत दिला. तेव्हापासून दीड वर्ष तो कपाटात, जुन्या ओढणीत गुंडाळलेला.

आणि आपण काय करत होतो? ऑनलाइन काही भरायचं म्हटलं की सोनईच्या पेठेत जायचं, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काम करून घ्यायचं, पानागणिक पैसे मोजायचे. पैशाचं एक वेळ राहू द्या. पण आपल्या ताईंची आधार कार्डं, पासबुकाचे फोटो त्या परक्या कॉम्प्युटरवर तसेच राहून जायचे. त्याचा विचार आपण केलाच नव्हता.

ठरावावर सह्या होणार, तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, "आगं, पण तो मेलाय हे आपल्यातल्या कुणी बघितलंय का? का दुसऱ्यानं सांगितलं म्हणून तेरावं घालायला निघालात?"

सगळ्या हसल्या. पण ठराव आठ दिवस पुढं गेला. आम्ही तिघी लॅपटॉप घेऊन बसलो. दोन दुपारी गेल्या, खर्च एक रुपयाही झाला नाही आणि वायफाय सुरू झालं. कार्ड गेलेलं नव्हतंच. कसं शोधलं, ते या पाठात क्रमानं सांगते. तुमच्या गटात, घरात असा जुना लॅपटॉप पडून असेल तर हा अंक समोर ठेवून करून बघा.

आधी समजून घेऊ

मुळा धरणाचं पाणी उजव्या कालव्यानं आपल्या नेवासे तालुक्यात येतं. कालव्यातून चारीत, चारीतून पोटचारीत, तिथून आपल्या वाफ्यात. वाफा कोरडा राहिला तर आपण "धरण आटलं" म्हणून घरी बसत नाही. दारं धरणारी बाई खोरं घेऊन बांधाबांधानं निघते आणि पाणी कुठं अडलंय ते बघते. कुठं दगड असतो, कुठं शेजाऱ्यानं बारं फोडलेलं असतं.

इंटरनेटचंही तसंच आहे. टॉवरवरून ते मोबाईलमध्ये येतं. मोबाईलचा हॉटस्पॉट ते हवेतून लॅपटॉपकडे सोडतो. लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड ते पकडतं. शेवटी क्रोम किंवा फायरफॉक्स पान उघडतं. चार ठिकाणं आहेत आणि चारांपैकी कुठंही अडू शकतं. आमच्या लॅपटॉपमध्ये तीन ठिकाणी अडलं होतं. म्हणून एक अडथळा काढूनही काही होत नव्हतं आणि "मेलाय" असं वाटत होतं.

पायरी १ : मोबाईलवर इंटरनेट आहे का?

ज्या मोबाईलवरून हॉटस्पॉट देणार, त्यावर आधी एखादं पान उघडून बघा. रिचार्ज संपलाय का, दिवसाचा डेटा संपलाय का, डेटा चालू आहे का? कार्यालयाच्या आतल्या खोलीत रेंज नसेल तर मोबाईल खिडकीत ठेवा. चारीतच पाणी नसेल तर वाफ्याला दोष देऊन उपयोग नाही.

पायरी २ : लॅपटॉपचं वायफाय चालू आहे का?

जुन्या लॅपटॉपना वायफाय चालू-बंद करायची वेगळी कळ असते. काहींना ती पुढच्या किंवा बाजूच्या कडेला सरकवायची असते, बोटाच्या नखाएवढी. पुसताना, पिशवीत घालताना ती सरकते आणि कुणाला कळतही नाही. बाकीच्यांना वरच्या एफ १ ते एफ १२ या ओळीत एका बटणावर मनोऱ्याचं किंवा लहरींचं चित्र असतं. कुठल्या बटणावर ते कंपनीप्रमाणे बदलतं, म्हणून नंबर पाठ करू नका, चित्र शोधा. ते बटण एकदा दाबा. काही झालं नाही तर खालच्या डाव्या कोपऱ्यातलं 'एफएन' बटण धरून ठेवा आणि मग ते दाबा.

दिव्याकडेही लक्ष द्या. काही लॅपटॉपमध्ये वायफाय बंद असताना दिवा नारिंगी असतो आणि चालू झालं की निळा किंवा पांढरा होतो. आमचा दिवा दीड वर्ष नारिंगीच होता! बटण दाबलं, निळा झाला. पहिला दगड निघाला.

विंडोज १० असेल तर पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात 'एअरप्लेन मोड' चालू नाही ना, तेही बघा. तो चालू असला की वायफाय बंद राहतं.

पायरी ३ : हॉटस्पॉटचं नाव यादीत दिसतं का?

दिवा निळा झाला, यादी उघडली. शेजारच्या घरांची दोन नावं दिसली, पण आमच्याच मोबाईलचं नाव दिसेना. मोबाईल तर लॅपटॉपच्या शेजारीच ठेवलेला! इथं आम्ही बराच वेळ अडकलो.

कारण असं निघालं. वायफाय प्रामुख्याने दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाच वेगवान आहे, पण भिंत आडवी आली की लवकर दमतं. दोन पॉइंट चार हळू आहे, पण लांब जातं. बऱ्याच जुन्या लॅपटॉपना फक्त २.४ कळतं. नवा मोबाईल ५ वर हॉटस्पॉट देत असेल तर जुन्या लॅपटॉपला तो दिसतच नाही. रेडिओवर एक स्टेशन लावून दुसऱ्या स्टेशनची गाणी ऐकू येत नाहीत, तसं.

उपाय मोबाईलमध्येच आहे. सेटिंगमध्ये हॉटस्पॉट उघडा, 'बँड' शोधा आणि २.४ गिगाहर्ट्झ निवडा. काही मोबाईलमध्ये 'बँड' असं लिहिलेलं नसतं. तिथं 'एक्स्टेंड कम्पॅटिबिलिटी' हा पर्याय चालू करा. आणखी एक गोष्ट. काही वेळ कुणी जोडलं नाही तर हॉटस्पॉट आपोआप बंद होतो. नाव दिसत नसेल तर तो चालू आहे ना, हे पुन्हा बघा.

पायरी ४ : पासवर्ड घेतो का?

नाव दिसतंय, पण जोडत नाही, अशा वेळी तीन गोष्टी बघा.

एक, पासवर्डमधली मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात. 'कॅप्स लॉक' चालू नाही ना? शून्य आणि ओ यात गोंधळ नाही ना?

दोन, पासवर्ड कधीतरी बदलला असेल तर लॅपटॉप जुनाच पाठवत राहतो. विंडोज १० मध्ये नावावर उजवी क्लिक करून 'फरगेट' करा आणि नव्यानं जोडा.

तीन, नवे मोबाईल 'डब्ल्यूपीए ३' नावाचं नवं कुलूप लावतात. ते २०१८ मध्ये आलं, त्यामुळे बऱ्याच जुन्या लॅपटॉपना ते उघडता येत नाही. हॉटस्पॉटच्या 'सिक्युरिटी'मध्ये जाऊन 'डब्ल्यूपीए २' निवडा.

काही झालं तरी पासवर्ड काढून टाकू नका. आपल्या शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारं-कुलपं न लावायची रीत आहे आणि ती श्रद्धा आपण मानतो. पण वायफायला कुलूप हवंच. हॉटस्पॉट उघडा ठेवला तर डेटा कोण वापरतंय आणि आपल्या नावावर काय करतंय, ते कळणार नाही.

पायरी ५ : जोडलं, पण पान उघडत नाही?

आमचं जोडलं गेलं. टाळ्या वाजल्या. आणि कुठलंही पान उघडलं की "हे कनेक्शन सुरक्षित नाही" अशी पाटी! पुन्हा तिघींचे चेहरे उतरले.

तेवढ्यात एकीचं लक्ष कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं. लॅपटॉपच्या मते त्या दिवशी १ जानेवारी २००९ होती. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. लॅपटॉप २००९ सालात असेल तर त्याला ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही असं वाटतं आणि तो पान अडवतो. तारीख आणि वेळ बरोबर केली, पान उघडलं. तिसरा दगड निघाला.

तारीख पुन्हा पुन्हा मागं जात असेल तर आतला बटणासारखा छोटा सेल संपलाय असं समजा. तो स्वस्त असतो, पण लॅपटॉप खोलून बदलावा लागतो, म्हणून ते काम जाणकाराकडून करून घ्या. तोवर रोज सुरू करताना तारीख बघायची सवय ठेवा.

पायरी ६ : वायफायचं चिन्हच नसेल तर?

ही पायरी आम्हाला लागली नाही, पण तुम्हाला लागू शकते. लॅपटॉप फॉरमॅट करून आणला असेल तर बऱ्याचदा असं होतं. कार्ड ठीक असतं, पण ते चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, पुन्हा टाकायचा राहून गेलेला असतो. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि 'नेटवर्क अॅडॅप्टर्स' बघा. वायफायच्या नावावर खाली जाणारा बाण असेल तर उजवी क्लिक करून 'एनेबल' करा. 'नेटवर्क कंट्रोलर' असं लिहून पिवळी खूण असेल तर ड्रायव्हर हवाय.

तुम्ही म्हणाल, ड्रायव्हरला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटला ड्रायव्हर! इथं मोबाईलची केबल कामाला येते. केबलनं मोबाईल लॅपटॉपला जोडा आणि मोबाईलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'यूएसबी टिथरिंग' चालू करा. बहुतेक वेळा वायफायशिवाय इंटरनेट सुरू होतं. होत नसेल तर केबल बदलून बघा, कारण काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात. मग लॅपटॉपच्या खाली लिहिलेला मॉडेल नंबर बघून त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरून वायफायचा ड्रायव्हर घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर" म्हणणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या भलत्या जाहिरातींवर बोट ठेवू नका.

एवढं करूनही कार्ड खरंच गेलेलं निघालं, तरी लॅपटॉप टाकायचं कारण नाही. यूएसबीत लावायचा बोटाच्या पेराएवढा वायफाय डोंगल नगरला चार-पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. तीस हजार आणि पाचशे यातला फरक बचत गटातल्या बाईला समजावून सांगायला नको.

वायफाय लागलं म्हणजे सगळं झालं का?

नाही. आमच्या लॅपटॉपवर विंडोज ७ आहे. १४ जानेवारी २०२० पासून कंपनीनं त्याची सुरक्षेची दुरुस्ती बंद केली. २०२३ पासून त्यावर क्रोमची नवी आवृत्तीही मिळत नाही. विंडोज १० ची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. म्हणून आम्ही नियम केलाय. या लॅपटॉपवर हिशोबाचे तक्ते, बैठकीचं इतिवृत्त, अर्ज, पत्रं आणि प्रिंट एवढीच कामं. बँकेचा पासवर्ड आणि ओटीपी त्यावर टाकायचा नाही.

जुन्या मशीनसाठी लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणालीही मिळते. केरळच्या सरकारी शाळांतले संगणक अनेक वर्षं लिनक्सवरच चालतात. ती पेन ड्राइव्हवरून नुसती चालवून बघता येते. त्यात वायफाय लागतंय का ते आधी बघायचं, लॅपटॉपमधल्या सगळ्या फायली दुसरीकडे उतरवून ठेवायच्या आणि मगच कायमची टाकायची. आम्ही अजून ते केलेलं नाही. जाणकार सोबत असल्याशिवाय तुम्हीही घाई करू नका.

दुकानदारावर माझा राग नाही. जुन्या मशीनवर दोन दुपारी घालवणं त्यांना परवडत नाही. पण आपल्याला परवडतं, कारण पैसा आपला आहे. शंभर-शंभर रुपयांनी जमलेला. आणि आणखी एक गोष्ट त्या दोन दुपारांत झाली. तिघींपैकी एकीनं आजवर लॅपटॉपला हात लावला नव्हता. "मुलगा आला की करील," हे तिचं नेहमीचं वाक्य. तारीख चुकलीय हे तिच्याच ध्यानात आलं.

पुढच्या बैठकीत लॅपटॉपचा ठराव मागे घेतला. ते तीस हजार कर्जाच्या निधीतच राहिले. शेळ्यांसाठी मागणी केलेल्या दोघींचा नंबर त्यामुळे एक महिना आधी लागला.

गटात करून बघा

१. हॉटस्पॉट चालू करून त्याचा बँड आणि सिक्युरिटी कुठं दिसते, ते प्रत्येकीनं स्वतःच्या मोबाईलमध्ये शोधावं.

२. गावात बंद पडलेला लॅपटॉप असेल तर वरच्या सहा पायऱ्या क्रमानं करा. कुठल्या पायरीवर अडलं ते वहीत लिहा.

३. लॅपटॉप चालवणारी एकच बाई असेल तर तिच्याशेजारी दुसरीला बसवा. बटण दुसरीनं दाबायचं, पहिलीनं फक्त सांगायचं.

अडलं तर वही घेऊन संघाच्या कार्यालयात या. लॅपटॉप आता ओढणीत नसतो, टेबलावर असतो.