साखळी-कप्पीचा शेतावर उपयोग
तेल-इंजिन उचलण्यासाठी आणलेली साखळी-कप्पी दुरुस्ती संपताच कोपऱ्यात पडून राहते. भक्कम तिवईला टांगल्यास कूपनलिकेतील पंप वर काढणे, ट्रॉलीचे चाक बदलणे, गिरणीचा दगड टाकी लावण्यासाठी उचलणे, ही कामे तिच्या साहाय्याने दोन माणसे करू शकतात. साखळी हातातून सुटली तरी आतील रोधकामुळे ओझे जागीच थांबते. दोराच्या साध्या कप्पीत ही सोय नसते.

मात्र १ टनाच्या कप्पीस १,००० किलोहून अधिक भार लावू नये. तिवईचे पाय घसरू नयेत म्हणून ते एकमेकांस बांधावेत. चाक काढण्यापूर्वी ट्रॉलीखाली ठोकळे द्यावेत. पाईपाचा सांधा खोलण्यापूर्वी खालचा पाईप क्लॅम्पने आवळावा. टांगलेल्या ओझ्याखाली कोणीही जाऊ नये. कार्यकर्त्यांनी हे प्रात्यक्षिकाने पटवून द्यावे.