दाखला काढण्याआधी

चि. राणी,



लेकाला चौथीतून काढून घरीच शिकवायचं तुझ्या मनात आहे, हे पत्रावरून कळलं. त्याला माझा विरोध नाही. पण पुष्कळ आया शाळेवरच्या रागाच्या भरात दाखला काढून आणतात आणि मग दोन कागदांसाठी त्याच शाळेत खेटे घालत बसतात. तुझं तसं होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तुझ्या लेकासारख्या लिहितावाचताना अडखळणाऱ्या मुलाची वही एकदा निवांत बसून पाहावी. फळ्यावर ‘भाऊ घरी आला’ असतं, वहीत ‘माऊ धरी आला’ उतरतं. जोडाक्षर आलं की पेन्सिल थांबते, वेलांटी कधी अलीकडे तर कधी पलीकडे जाते. खाली लाल शाईत शेरा: ‘लक्ष नाही’. हेच मूल ऐकलेली गोष्ट मात्र शेवटपर्यंत, आवाज काढून सांगतं. त्याचं लक्ष असतं आणि बुद्धीही असते. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड त्याच्या डोक्यात इतरांइतक्या झटपट बसत नाही, एवढंच. याला अध्ययन अक्षमता म्हणतात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती मान्य केलेली आहे. अशाच मुलावरचा ‘तारे जमीन पर’ हा सिनेमा २००७ साली आला. महाराष्ट्रात दहावीला अशा मुलांना सवलती मिळू लागल्या त्या त्याच्याही आधी, १९९६ पासून! तरी अजूनही घरोघरी ‘आळशी आहे’ हेच ऐकू येतं, याचं फार वाईट वाटतं.

गणिताचं दुखणं आणखी वेगळं. मुलाच्या कानावर ‘सत्तावीस’ पडतं. आधी सात ऐकू येतो, म्हणून तो ७२ लिहितो. ‘एकोणसाठ’मध्ये तर साठ ऐकायचं आणि हाताने पाच लिहायचा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधानसभेत थट्टाही झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर मात्र शांतपणे सांगत राहिल्या की लहान मुलांना हे सोपं जातं. अडखळणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहिलं तर त्यांचंच बरोबर होतं, असं माझं ठाम मत आहे. तू घरी बेलाशक ‘पन्नास नऊ’ म्हण. एकोणसाठ सावकाश येईल.

घरी शिकवण्याचा खरा फायदा हाच, की चाल मुलाची राहते. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन हे डॉक्टर आणि अ‍ॅना गिलिंगहॅम या शिक्षणतज्ज्ञ यांनी १९३०च्या दशकात जी पद्धत बसवली, तिच्यात डोळा, कान आणि हात एकदमच कामाला लावतात. आपल्याकडच्या धूळपाटीतही हे जमतं. ताटात रवा पसरावा, बोटाने ‘भ’ गिरवताना मोठ्याने ‘भ’ म्हणावं, मग ‘म’ काढून कुठे वेगळा आहे ते त्यालाच दाखवू द्यावं. एका बैठकीत एकच जोडी. वीस मिनिटांत आटपावं आणि उठावं. सकाळी दहा ते पाच वेळापत्रक लावून, हातात पट्टी घेऊन बसलेली आई मुलाला शाळेपेक्षा जड जाते, कारण तिच्यापासून पळून जायला त्याला दुसरं घर नसतं.

आता कायद्याचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आईवडिलांनी आपणहून घरी शिकवण्याविषयी स्पष्ट काही म्हटलेलं नाही. २०१२ च्या दुरुस्तीने घरी शिकण्याचा पर्याय दिला, तो तीव्र किंवा बहुविध अपंगत्वाच्या मुलांना. परीक्षेची वाट मात्र मोकळी आहे. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची दहावी १४ वर्षं पूर्ण झाली की देता येते. तिथे पाच विषय निवडायचे, नोंदणी पाच वर्षं चालते आणि विषय एकेक करून सोडवता येतात. गणित टाळून चित्रकला, गृहविज्ञान घेता येतं, पण मग पुढच्या काही वाटा बंद होतात, हे आधीच ध्यानात ठेव.

परीक्षेच्या प्रमाणपत्राशिवाय कसं अडतं, हे मालविका जोशीच्या बाबतीत दिसलंच. मुंबईच्या या मुलीने सातवीत शाळा सोडली, आंतरराष्ट्रीय इन्फर्मॅटिक्स ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ साली अमेरिकेत एमआयटीत गेली. बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंदच होतं. तिची झेप आपल्या मुलाला माप म्हणून लावू नये. कागदाचा धडा तेवढा घ्यावा.

म्हणून दाखला काढण्याआधी मुलाची तपासणी. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचं क्लिनिक आहे. आधी नजर आणि कान तपासतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन, लेखन, गणित. एका फेरीत हे उरकत नाही. तपासणीसाठी लागणारी आठ वर्षं तुझ्या लेकाला पूर्ण झालीच आहेत, तेव्हा आता थांबायचं कारण नाही. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र हाती आलं की परीक्षेत जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक किंवा कॅल्क्युलेटर मागता येतो.

या तपासणीला शाळेचं पत्र आणि वर्गशिक्षकांचा अहवाल बहुधा मागतात. मूल पटावर असेपर्यंत ते सहज मिळतात. तेव्हा या आठवड्यात बाईंना भेट, भांडू नकोस, अहवाल लिहून माग. आणि पहिलीपासूनच्या वह्या माळ्यावर असतील त्या रद्दीत घालू नकोस. त्या सगळ्या डॉक्टरांना दाखवायच्या आहेत.

तुझी,
मावशी