किल्ली कुणाच्या हातात? : सार्वजनिक-खासगी किल्ल्यांची जोडी आणि क्लाऊडवरची किल्ली-व्यवस्था



ऑनलाईन सातबारा आता आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा झालाय. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. सोसायटीचं पीककर्ज असो की वारसनोंद, १५ रुपये भरायचे आणि उतारा घ्यायचा. त्यावर ना शाईची सही, ना गोल शिक्का. तरी तो चालतो. का चालतो? कारण त्या फाईलमागे दोन किल्ल्यांची एक जोडी काम करत असते.

ही जोडी काय असते, ती तयार कशी होते आणि क्लाऊडवर ती कशी तयार करतात, हे आजच्या पाठात पाहू. संगणकाची पदवी लागत नाही. पाचवी-सहावीचं गणित पुरेसं आहे. पाठ संपेपर्यंत एकच प्रश्न मनात ठेवा : खासगी किल्ली कुणाच्या हातात आहे?

१. एकाच किल्लीची अडचण

साधं कुलूप घ्या. ज्या किल्लीनं लावायचं, त्याच किल्लीनं उघडायचं. संगणकातही अशी पद्धत आहे. तिला सममित कूटलेखन म्हणतात. ती वेगवान आहे, मजबूतही आहे. अडचण एकच, ती किल्ली समोरच्याला पोचवायची कशी?

समजा, एका केंद्रात १० शाळा आहेत आणि प्रत्येक दोन शाळांना आपसात गुप्त माहिती पाठवायची आहे. किती किल्ल्या लागतील? दहा जणांनी एकमेकांशी हस्तांदोलन केलं तर किती होतील, तेच हे गणित. १० × ९ = ९०, भागिले २, म्हणजे ४५ किल्ल्या. शिवाय प्रत्येक किल्ली गुपचूप नेऊन द्यायची.

१९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या अमेरिकन संशोधकांनी वेगळा विचार जाहीरपणे मांडला. लावायची किल्ली एक आणि उघडायची दुसरी ठेवली तर? मग लावायची किल्ली सगळ्या गावाला वाटून टाकता येते. तिला सार्वजनिक किल्ली (पब्लिक की) म्हणतात. उघडायची किल्ली मात्र आपल्यापाशीच राहते, ती खासगी किल्ली (प्रायव्हेट की). आता १० शाळांना फक्त १० जोड्या पुरतात. हेच असममित कूटलेखन.

२. फळ्यावर करून पाहू

१९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी अशी जोडी तयार करायची रीत शोधली. त्यांच्या आडनावांवरून तिला आरएसए म्हणतात. छोट्या संख्या घेऊन आपण ती फळ्यावर करू.

• दोन मूळ संख्या घ्या : ३ आणि ११. त्यांचा गुणाकार ३३.
• दोन्हींतून एकेक वजा करून गुणा : २ × १० = २०. ही संख्या गुप्त ठेवायची.
• आता अशा दोन संख्या शोधा, ज्यांच्या गुणाकाराला २० ने भागल्यावर बाकी १ उरेल. ३ × ७ = २१. जमलं!
• सार्वजनिक किल्ली : ३ (सोबत ३३). खासगी किल्ली : ७ (सोबत ३३).

कुलूप लावणे : आपला निरोप आहे ४. किल्ली ३ आहे, म्हणून ४ ला तीन वेळा घेऊन गुणायचं. ४ × ४ × ४ = ६४. ६४ भागिले ३३, बाकी ३१. निरोप गेला ३१.

कुलूप उघडणे : खासगी किल्ली ७, म्हणजे ३१ सात वेळा घ्यायचा. घाबरू नका, प्रत्येक पायरीला ३३ ने भागून फक्त बाकी ठेवायची.
• दोन वेळा : ३१ × ३१ = ९६१, बाकी ४.
• चार वेळा : ४ × ४ = १६.
• सहा वेळा : १६ × ४ = ६४, बाकी ३१.
• सात वेळा : ३१ × ३१ = ९६१, बाकी ४.

निरोप ४ जसाच्या तसा परत आला. मुलांना हे करून दाखवा, बाकीचा भागाकार त्यांना एकदम जादूसारखा वाटतो.

३३ सगळ्यांना माहीत आहे, मग ते फोडून ३ आणि ११ कुणीही काढेल की! बरोबर. म्हणूनच खऱ्या वापरात संख्या प्रचंड मोठ्या असतात. '२०४८ बिट' म्हणतात, त्या गुणाकारात ६१७ अंक असतात. दोन मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण एवढ्या मोठ्या गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणं आजच्या संगणकांना जमलेलं नाही. सगळी सुरक्षितता या एका अवघडपणावर उभी आहे.

३. जोडी उलटी वापरली की सही होते

आता गंमत बघा. खासगी किल्ली आधी वापरली तर? ४ सात वेळा घेतला की १६३८४, त्याला ३३ ने भागून बाकी १६. ही झाली आपली 'सही'. कुणालाही तपासायची असेल तर सार्वजनिक किल्ली ३ आहेच. १६ × १६ × १६ = ४०९६, भागिले ३३, बाकी ४. जुळलं! म्हणजे सही ७ असणाऱ्यानेच केली, आणि आकडा वाटेत बदललेला नाही.

प्रत्यक्षात सगळ्या कागदावर ही आकडेमोड करत नाहीत. आधी त्या फाईलचा ठरावीक लांबीचा एक सारांश काढतात. त्याला हॅश म्हणतात. फाईलमधला एक काना जरी बदलला तरी हॅश पार बदलतो. सही या हॅशवर होते.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. जुन्या मोडी कागदांवर शिक्का असायचा आणि मजकूर संपला की मोर्तब व्हायचं, म्हणजे खाली मागाहून कुणी ओळ घुसडू नये. शिक्क्याचा ठसा सगळ्यांनी बघायचा, पण शिक्का एकाच्याच ताब्यात. डिजिटल सहीत शिक्का आणि मोर्तब दोन्ही कामं एकदम होतात.

हे लक्षात ठेवा : डिजिटल सही पीडीएफ फाईलच्या आत असते. प्रिंट काढली की कागदावर फक्त तिचं चित्र येतं. म्हणून कागदावरचा सातबारा खरा की खोटा हे त्यावरच्या पडताळणी क्रमांकावरून संकेतस्थळावर तपासावं लागतं. आणि पीडीएफ उघडल्यावर सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे सही खोटीच, असंही नाही. बऱ्याचदा आपल्या सॉफ्टवेअरला भारतातल्या प्रमाणपत्रांची ओळख करून दिलेली नसते, एवढंच.

४. खासगी किल्ली राहते कुठे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. याची आज तीन ठिकाणं आहेत.

(अ) टोकनमध्ये. पेनड्राईव्हसारखं दिसणारं डीएससी टोकन तुम्ही ग्रामपंचायतीत पाहिलं असेल. किल्ल्यांची जोडी टोकनच्या आतच तयार होते आणि खासगी किल्ली कॉपी करून बाहेर काढता येत नाही. वित्त आयोगाचा निधी खर्च करताना ई-ग्रामस्वराज आणि पीएफएमएस प्रणालीवर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सरपंच या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. एकाने देयक तयार करायचं, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचं.

पण दोन्ही टोकन एकाच टेबलाच्या खणात असतील आणि पिन चिठ्ठीवर लिहून वर चिकटवला असेल तर? यंत्राच्या दृष्टीनं दोघांनी सही केली. खरं तर कुणीच तपासलं नाही. ६१७ अंकी संख्या त्या चिठ्ठीपुढे हरली!

कायदा इथे स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ नुसार खासगी किल्लीवर ताबा ठेवण्याची जबाबदारी तिच्या मालकाची आहे. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला लगेच कळवायचं. कळवेपर्यंतची जबाबदारी मालकाचीच. 'सही मी नव्हती केली, ऑपरेटरनं केली' हे म्हणून सुटका होत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना आणि नव्याने निवडून आलेल्या सरपंच ताईंना हे कलम आपण समजावून सांगायलाच हवं.

(आ) एका सहीपुरती. २०१५ पासून आपल्या देशात ई-साईनची सोय आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची 'ई-हस्ताक्षर' ही त्यातलीच एक सेवा. तुम्ही संमती देता, आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, ओळख पटते. मग सेवेकडच्या सुरक्षित यंत्रात तुमच्यासाठी नवी जोडी तयार होते, कागदाच्या हॅशवर सही होते आणि खासगी किल्ली लगेच नष्ट केली जाते. सांभाळायला काही उरतच नाही. पण मग तुमची खरी किल्ली कोणती? तो ओटीपी! म्हणून 'सर, आलेला नंबर सांगा' म्हणणाऱ्या फोनला नंबर सांगणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणं.

(इ) क्लाऊडमध्ये. संस्थेला रोज हजारो सह्या करायच्या किंवा कुलपं उघडायची असतील, तर किल्ल्या क्लाऊडच्या किल्ली-व्यवस्थापन सेवेत ठेवतात. तिला थोडक्यात केएमएस म्हणतात. ॲमेझॉन, गुगल, मायक्रोसॉफ्ट या तिन्ही कंपन्यांच्या अशा सेवा आहेत आणि तिघांचीही केंद्रं महाराष्ट्रात आहेत.

५. क्लाऊडवर जोडी तयार करण्याच्या पायऱ्या

उदाहरण म्हणून ॲमेझॉनची सेवा घेऊ.

पायरी १ : विभाग निवडा. मुंबई विभाग निवडला तर किल्ली मुंबईतच तयार होते आणि साधारणपणे तिथेच राहते.

पायरी २ : प्रकार निवडा. 'सममित' की 'असममित', यातला असममित.

पायरी ३ : काम ठरवा. कुलूप लावणे-उघडणे की सही करणे-तपासणे? नीट विचार करून निवडा. एकदा किल्ली तयार झाली की तिचं काम बदलता येत नाही.

पायरी ४ : जात आणि लांबी. आरएसए मध्ये २०४८, ३०७२ आणि ४०९६ बिट असे पर्याय आहेत. ईसीसी नावाची वक्ररेषांच्या गणितावरची जातही आहे, तिच्या किल्ल्या लहान असतात.

पायरी ५ : नाव आणि माणसं. किल्लीला ओळखीचं नाव द्या. मग किल्लीचा कारभार कोण बघणार आणि किल्ली वापरणार कोण, हे वेगवेगळं नेमा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांचंच तत्त्व आहे हे.

पायरी ६ : सार्वजनिक किल्ली उतरवून घ्या. ती कुणालाही द्या. खासगी किल्ली मात्र उतरवून घेता येत नाही, तसं बटणच नाही. ती एचएसएम नावाच्या सुरक्षित यंत्रात राहते. आपण फक्त 'यावर सही कर' किंवा 'हे उघड' अशी विनंती पाठवायची.

दुसरीही एक सोय आहे. जोडी सेवेनं तयार करायची आणि आपल्या हातात द्यायची. अशा वेळी खासगी किल्ली सेवेतल्या दुसऱ्या एका सममित किल्लीनं कुलूपबंद करूनही मिळते. उघडी प्रत मागितलीच तर ती काम होताच पुसायची, साठवायची फक्त कुलूपबंद प्रत.

वापरताना तीन गोष्टी ध्यानात घ्या.

एक, आरएसए २०४८ किल्लीनं एका वेळी जेमतेम १९० बाईट माहिती कुलूपबंद होते, म्हणजे अक्षरशः दोन-तीन ओळी. विद्यार्थ्यांच्या बँक खात्यांची यादी त्यात मावणार नाही. म्हणून यादीला सममित किल्लीनं कुलूप लावतात आणि ती छोटी किल्ली सार्वजनिक किल्लीनं बंद करून सोबत पाठवतात. लिफाफ्यात लिफाफा!

दोन, किल्ली काढून टाकायची म्हटली तर सेवा ७ ते ३० दिवस थांबते. त्या मुदतीत विचार बदलता येतो. नंतर मात्र त्या किल्लीनं बंद केलेलं कायमचं बंद. आणि सार्वजनिक किल्ली तर लोकांकडे असतेच! ते बिचारे त्यानंतरही कुलपं लावत राहतील, उघडणारं कुणीच नसेल. म्हणून आधी सर्वांना कळवायचं, मग किल्ली काढायची.

तीन, किल्ली बाहेर येत नाही हे खरं, पण ज्याला तुमच्या खात्यात शिरता आलं, त्याला ती चोरायची गरजच नाही. तो तुमच्या नावानं विनंती पाठवील आणि यंत्र इमानदारीनं सही करून देईल. कोणत्या खात्यातून, कधी, कोणती किल्ली वापरली गेली याची नोंदवही असते, पण ती कुणीतरी वाचायला हवी. म्हणून खात्याचा पासवर्ड एकाचाच असावा, सोबत मोबाईलवरची दुसरी खात्री असावी आणि माणूस बदलला की त्याचा अधिकार त्याच दिवशी काढावा.

बघा, टोकन असो, ओटीपी असो की क्लाऊड, गणित कुठेच फसत नाही. फसतो तो ताबा.

स्वाध्याय

१. ५ आणि ११ या मूळ संख्या घ्या. गुणाकार ५५, गुप्त संख्या ४०. सार्वजनिक किल्ली ३ असेल तर खासगी किल्ली शोधा. (ताळा : ३ × २७ = ८१, ४० ने भागून बाकी १. उत्तर २७.)

२. त्याच जोडीने निरोप २ कुलूपबंद करा. (२ × २ × २ = ८. उत्तर ८.)

३. एका केंद्रात १५ शाळा आहेत. एकाच किल्लीच्या पद्धतीत किती किल्ल्या आणि जोडीच्या पद्धतीत किती जोड्या लागतील? (१०५ आणि १५.)

४. गटचर्चा : आपल्या गावात डिजिटल सही कोणकोणत्या कामाला लागते? ते टोकन कुणाकडे असतं आणि पिन कुणाला माहीत आहे?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात मिळणार नाही, गावातच विचारावं लागेल. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत तो विषय जरूर घ्या.