सागरतीरी तंबूनिवास : नियोजन आणि दक्षता

उघड्या माळावर किंवा समुद्रकाठी तंबू ठोकून चार दिवस राहणे, हे शिक्षणाचे एक मान्य साधन आहे. बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यातूनच पुढे बालवीर चळवळ जगभर पसरली. निसर्गाशी सहवास, स्वावलंबन आणि सामुदायिक जीवनाची सवय हे त्या शिबिराचे उद्देश आजही तितकेच ग्राह्य आहेत.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी दीर्घकाळ ७२० किलोमीटर म्हणून नोंदविली गेली आहे. डहाणू-बोर्डीपासून वेंगुर्ल्याच्या पुढे रेडीपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात शाळा-महाविद्यालयांची शिबिरे, कुटुंबांचे तंबू आणि अलीकडे मोटारीमागे जोडलेली लहान निवासी गाडी, म्हणजेच कॅराव्हॅन, यांची वर्दळ वाढली आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले; त्यात अशा गाड्यांचा व त्या उभ्या करावयाच्या तळांचा विचार करण्यात आला आहे. अशा वेळी किनाऱ्यावरील ग्रामपंचायती, सहली नेणारे शिक्षक आणि स्थानिक अधिकारी यांना या विषयाची शास्त्रशुद्ध माहिती असणे अगत्याचे आहे. हौसेला नियोजनाची जोड मिळाली नाही, तर त्याची किंमत कधी गावाच्या विहिरीला आणि कधी कोवळ्या जीवांना मोजावी लागते.

भरती-ओहोटीचे गणित

किनाऱ्यावरील प्रत्येक निर्णयाचा पाया भरती-ओहोटी हा आहे. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारणपणे दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. त्यामुळे भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येऊन मोठी भरती येते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाण्याची चढउतार कमी असते. तिला भांग म्हणतात.

मुंबई व आसपासच्या किनाऱ्यासाठी एक जुना ठोकताळा सर्वश्रुत आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. चतुर्थीस चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने पूर्ण ओहोटी. शुक्ल व कृष्ण अशा दोन्ही पक्षांस हा हिशेब लागू पडतो. शाळेतील मुलांकडून दिनदर्शिकेच्या आधारे हे गणित करवून घेतल्यास भूगोलाचा एक पाठ सहज पुरा होतो. मात्र प्रत्यक्ष शिबिरासाठी त्या ठिकाणचे अधिकृत भरतीचे कोष्टक पाहणे आणि गावातील मच्छीमारांना विचारणे आवश्यक आहे.

पाणी किती चढते यापेक्षा ते किती आत येते, हे नवख्या माणसाच्या ध्यानात येत नाही. एखाद्या पुळणीचा उतार पन्नासास एक असेल, तर पाण्याची पातळी ३ मीटर वाढताच पाण्याची कड १५० मीटर आत सरकते. ओहोटीच्या वेळी रुंद व कठीण दिसणाऱ्या वाळूत उतरविलेल्या मोटारी चाके रुतून अडकतात आणि मागाहून आलेल्या भरतीत सापडतात, याचे कारण हेच आहे. मोटार असो वा कॅराव्हॅन, पुळणीवर वाहन उतरवू नये, हा नियम निरपवाद असावा.

तंबूची जागा

तंबू कोठे उभारावा, याच्या खुणा किनाराच दाखवितो. मागील भरतीने आणून टाकलेले शेवाळ, शिंपले व काटक्या यांची रांग ही अलीकडील भरतीची रेषा होय. उधाणाची रेषा त्याहूनही आत असते. वाळूवर पसरणारी, जांभळ्या फुलांची मर्यादावेल ही दुसरी खूण होय. सागराची मर्यादा दाखविणारी वेल म्हणून तिला हे नाव शोभते. ही वेल व तिच्यासोबतची गवते वाळू धरून ठेवतात. म्हणून तंबू या वेलीच्या पलीकडे, जमिनीच्या बाजूस असावा; वेलीवर मुळीच नसावा.

दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. म्हणून तंबूची अरुंद बाजू समुद्राकडे ठेवावी व स्वयंपाकाची जागा अशी निवडावी, की कोणत्याही वेळी ठिणग्या कापडावर येणार नाहीत. कोरड्या वाळूत साध्या खुंट्या टिकत नाहीत. त्याऐवजी वाळूने भरलेली पिशवी दोरीस बांधून हातभर खोल पुरली, तर ताण चांगला धरला जातो. सुरूच्या बनाची सावली सुखद असली, तरी वठलेल्या वा कललेल्या झाडाखाली तंबू नसावा. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील सुरू, नारळ व पोफळीची असंख्य झाडे आडवी केली, हे विसरता येत नाही. जून ते सप्टेंबर हा काळ किनारी तंबूस सर्वथा वर्ज्य समजावा. मे महिन्यातही हवामान खात्याचा इशारा पाहिल्यावाचून शिबिर भरवू नये.

तंबूत वा बंद कॅराव्हॅनमध्ये कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग वा वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो. कोकणात फुरसे व लाल विंचू यांचा वावर आहे. रात्री विजेरीशिवाय फिरू नये आणि सकाळी पादत्राणे झटकूनच घालावीत. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सिद्ध केल्यापासून अनेकांचे प्राण वाचले आहेत. परंतु त्यासाठी रुग्ण वेळेवर दवाखान्यात पोहोचला पाहिजे. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथे पोहोचण्याचा रस्ता आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक प्रत्येक शिबिरप्रमुखास ठाऊक असावा.

समुद्रस्नान : सर्वांत मोठा धोका

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड येथे सहलीस आलेल्या पुण्यातील १४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा समुद्रात बुडून अंत झाला. त्या दिवशी अमावास्या नव्हती वा पौर्णिमाही नव्हती. तिथी कृष्ण अष्टमीच्या सुमाराची होती. म्हणजेच उधाण नसताना, पावसाळा नसताना, भर दिवसा ही दुर्घटना घडली. ‘भांग आहे, समुद्र शांत आहे, भीती नाही’ ही समजूत किती घातक आहे, हे यावरून कळून येते.

किनाऱ्यावर आलेल्या लाटांचे पाणी परत जाताना एखाद्या अरुंद वाटेने वेगाने समुद्राकडे ओढले जाते. त्या ठिकाणी लाटा कमी फुटताना दिसतात. म्हणून नवख्यास तीच जागा सुरक्षित वाटते. या ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने जोर लावून दमू नये. किनाऱ्यास समांतर पोहत ओढीबाहेर पडावे व मग काठाकडे वळावे. पोहता येत नसल्यास अंग सैल ठेवून तरंगत राहावे आणि हात वर करून मदत मागावी. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी इतरांनी एकामागून एक पाण्यात उड्या घेऊ नयेत. दोर, रिकामा डबा अथवा फुगविलेली नळी फेकावी. खाडीच्या मुखाशी व खडकाळ जागी पाण्यात उतरण्यास पूर्ण मनाई असावी.

शिक्षकांनी दहा-दहा विद्यार्थ्यांचे गट करून प्रत्येक गटास एक जबाबदार व्यक्ती नेमावी. पाण्यात जाण्याआधी व बाहेर आल्यानंतर हजेरी घ्यावी. गुडघाभर पाण्यापलीकडे कोणीही जाऊ नये आणि सूर्यास्तानंतर पाण्यात पाऊलही टाकू नये. संकटकाळी ११२ हा क्रमांक, तसेच समुद्रातील बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सर्वांना पाठ असावा.

गावाचे पाणी व स्वच्छता

किनाऱ्यालगतच्या विहिरींत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर उंच असेल, तर शास्त्रीय हिशेबाने सपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. उलट उपसा वाढून वरची पातळी थोडी जरी घटली, तरी खालचे खारे पाणी त्याच्या कितीतरी पटीने वर चढते. माणशी रोज २० लिटर पाणी धरले, तर ५० जणांच्या दोन दिवसांच्या शिबिरास २,००० लिटर पाणी लागते. एप्रिल-मे महिन्यांत हा भार गावच्या विहिरीवर पडू नये, म्हणून पाण्याची सोय आधीच ठरवावी.

वाळूतून मैला लवकर झिरपतो. म्हणून तंबूतळावर पक्की शौचालये असणे इष्ट. ती नसल्यास शौचाची जागा विहीर, ओढा व समुद्र यांपासून किमान ६० मीटर दूर असावी. कॅराव्हॅनमधील सांडपाणी जागच्या जागी सोडून देण्यास मज्जाव करावा. काचेच्या बाटल्या व प्लॅस्टिक यांची ने-आण आणणाऱ्यानेच करावी.

किनाऱ्याचे मूळ रहिवासी

पुळण ही मच्छीमारांची कामाची जागा आहे. तेथे होड्या ओढल्या जातात, मासळी वाळविली जाते आणि मालवणच्या बाजूस रापणीचे जाळे ओढले जाते. त्या वाटेवर तंबू उभारणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात मांडव घालण्यासारखे आहे.

कासवांचा हक्कही तितकाच जुना आहे. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये कासवसंवर्धनाचे कार्य ग्रामस्थांच्या सहभागाने सुरू केले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते आणि साधारणपणे ४५ ते ५५ दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. समुद्राकडील उजेडाच्या रोखाने ती चालू लागतात. तंबूतील दिवे वा शेकोटी मागे पेटलेली असेल, तर ती उलट दिशेने जाऊन मरतात. म्हणून घरट्यांच्या काळात अशा पुळणींवर तंबू, दिवे व वाहने असू नयेत. वेळासमध्ये पाहुणे ग्रामस्थांच्या घरी उतरतात. त्यायोगे गावास उत्पन्न मिळते आणि किनाराही निर्वेध राहतो.

ग्रामपंचायतीचे कार्य

किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली. त्यानंतर २०११ व २०१९ मध्ये तिची जागा नव्या अधिसूचनांनी घेतली. भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात बांधकामावर निर्बंध आहेत आणि तात्पुरत्या सोयींनाही अटी आहेत. म्हणून कायमस्वरूपी तंबूतळ वा कॅराव्हॅनतळ योजताना आधी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून जागेची खातरजमा करून घ्यावी.

त्याखेरीज ग्रामसभेत विचारविनिमय करून पुढील गोष्टी सहज करता येतील. पुळणीमागील कठीण, जांभ्या दगडाच्या जमिनीवर तंबू व गाड्यांसाठी जागा निश्चित करावी. येणाऱ्या प्रत्येक गटाची नोंदवही ठेवावी. त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा फळ्यावर खडूने लिहाव्यात. हे काम गावच्या शाळेतील विद्यार्थी आनंदाने करतील. धोक्याच्या जागी मराठीत ठळक फलक लावावेत. पोहण्यात वाकबगार अशा स्थानिक तरुणांस जीवरक्षणाचे प्रशिक्षण मिळवून देऊन सुट्टीच्या दिवसांत मानधनावर नेमावे.

या योजनेस मोठा निधी लागत नाही. सातत्य मात्र लागते. समुद्राची वेळ, वाऱ्याची दिशा आणि विहिरीची मर्यादा या तिन्ही गोष्टी किनाऱ्यावरच्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. ते ज्ञान फळ्यावर, फलकावर आणि शाळेच्या पाठात उतरले, तर शिबिरास आलेला प्रत्येक विद्यार्थी काहीतरी शिकून सुखरूप घरी परतेल, आणि त्याला निरोप देणाऱ्या गावासही त्याच्या येण्याचा भार वाटणार नाही.